बेडकांची कार्यालयीन वेळ

‘केळी कशासाठी?’

अर्धा डझन केळी, चाळीस रुपये. एवढ्या एका नोंदीसमोर लाल पेनाने हा प्रश्न विचारून लेखा विभागाने माझं अकरा हजार चारशे साठ रुपयांचं बिल परत पाठवलं होतं. आंबोलीपर्यंतचा प्रवास, तीन रात्रींचा मुक्काम, रिक्षा, गमबूट, बॅटरीचे सेल, सगळं त्याच बिलात होतं. केळ्याच्या सालीवरून माणसं घसरतात हे ऐकलं होतं. माझं अख्खं बिल घसरलं.

मी एका विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण माझी आणखी दोन बिलं सध्या तिथे पडून आहेत. शिकवून उरलेल्या वेळात मी बेडकांचा अभ्यास करतो आणि त्यातून उरलेल्या वेळात बिलं लिहितो, असा माझा समज होता. मागच्या वर्षी हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की क्रम उलटा आहे.

प्रश्न सोपा होता म्हणून उत्तरही सोपं दिलं. ‘खाण्यासाठी.’ चौथ्या दिवशी बिल परत. शेरा : ‘कोणाच्या?’ मी लिहिलं, ‘माश्यांच्या.’ आणखी चार दिवस गेले. शेरा : ‘माश्या कोणाच्या?’

आमच्या विभागातून लेखा विभागापर्यंत चालत गेलं तर तीन मिनिटं लागतात. कागद आवक-जावकमधून गेला तर चार दिवस. या वेगाने माश्यांची मालकी सिद्ध व्हायला उन्हाळा उजाडला असता, म्हणून शेवटी बिल हातात घेऊन मीच चालत गेलो.

भाऊसाहेब टेबलावर होते. भाऊसाहेब म्हणजे लेखा विभागातले सर्वांत जुने गृहस्थ. बशीतून चहा पिता पिता दुसऱ्या हातातल्या पेन्सिलीने बिलाच्या प्रत्येक ओळीवर बारीक टिंब देत जातात. टिंब न देता पेन्सिल थांबली की समोरच्याच्या पोटात गोळा येतो.

‘या सर. केळीच ना?’

‘भाऊसाहेब, केळी माश्यांसाठी. त्या बारीक फळमाश्या असतात बघा, पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या.’

‘आमच्याकडे फुकट येतात.’

‘मी त्या वाढवतो.’

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. पदरचे चाळीस रुपये घालून माश्या वाढवणारा माणूस त्यांनी उभ्या नोकरीत पहिल्यांदाच पाहिला असावा.

‘कशाला?’

‘बेडकांच्या पिल्लांना खायला. शेपटी जिरून नुकती जमिनीवर आलेली पिल्लं एवढीएवढीशी असतात. मोठा किडा त्यांच्या तोंडात मावत नाही.’

‘आणि बेडूक कोणाचे?’

‘प्रकल्पाचे.’

‘प्रकल्प?’

‘विद्यापीठाचा.’

केळं माशीला, माशी बेडकाला, बेडूक विद्यापीठाला. वर्षानुवर्षं मी फळ्यावर अन्नसाखळी काढत आलो. तिच्या शेवटच्या टोकाला लेखा विभाग बसलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

‘मग हेच लिहा की,’ भाऊसाहेब म्हणाले, ‘आणि १५४ चं प्रमाणपत्र जोडा.’

आमच्या प्रकल्पाला पैसा दिल्लीहून येतो. पैशाबरोबर नियमही दिल्लीहून येतात, फरक इतकाच की ते वेळेवर येतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत १५४ क्रमांकाचा नियम आहे. ठरावीक रकमेपर्यंतची किरकोळ खरेदी कोटेशन न मागवता करता येते, पण खरेदी करणाऱ्याने लिहून द्यायचं असतं की माल हव्या त्या दर्जाचा आहे, विश्वासू विक्रेत्याकडून आणि वाजवी दरात घेतला आहे, आणि याबद्दल माझी व्यक्तिशः खात्री पटली आहे. मी चाळीस रुपयांच्या केळ्यांबद्दल व्यक्तिशः खात्री पटवून घेतली आणि सही केली. शिवाय प्रामाणिकपणाच्या भरात एक वाक्य जास्त लिहिलं : ‘केळी काळी पडलेली होती.’

बिल परत. या वेळी भाऊसाहेबांनी मला फोन करून बोलावलं.

‘सर, एकीकडे केळी काळी पडलेली म्हणता, दुसरीकडे दर्जा योग्य म्हणता.’

‘काळी पडलेलीच हवी होती. माश्यांना तीच आवडतात.’

‘पावतीवर जीएसटी नाही.’

‘ताज्या फळांवर जीएसटी नसतो.’

‘पण ही ताजी नव्हती, असं तुम्हीच लिहून दिलंय.’

मी गप्प बसलो. ती पावती म्हणजे वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, माझ्याच पेनाने, केळीवाल्याने नाइलाजाने केलेली सही होती. सही करताना तो म्हणाला होता, ‘साहेब, टाकायचीच होती, तशीच न्या.’ तशीच नेली असती तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण फुकट घेतलेल्या केळ्यांसाठी देणगी स्वीकारल्याचा ठराव करावा लागला असता, असं भाऊसाहेबांचं मत पडलं.

पेन्सिल पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

‘रात्री दीड वाजता रिक्षा. कशासाठी?’

‘बेडूक ऐकायला.’

‘दिवसा ओरडत नाहीत?’

‘पाऊस पडून गेला की बहुतेक जातींचे नर रात्रीच ओरडतात. माद्यांना बोलावतात.’

‘कार्यालयीन वेळेत बोलवायला काय होतं? पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून आपणही सव्वासहापर्यंत असतोच की.’

बेडकांच्या वतीने मी दिलगिरी व्यक्त केली. मग भाऊसाहेबांवर छाप पडावी म्हणून आंबोलीच्या त्या खास भेकाची गोष्ट सांगितली. जगाच्या पाठीवर तो फक्त आंबोलीच्या परिसरात सापडतो आणि नवी जात म्हणून शास्त्राने त्याची नोंद केली ती २००९ मध्ये.

‘म्हणजे २००९ च्या आधी नव्हता?’

‘होता. नोंद नव्हती.’

‘मग बरोबर आहे,’ भाऊसाहेब समाधानाने म्हणाले. ‘नोंद नाही म्हणजे नाहीच.’

जीवशास्त्राचं आणि हिशेबशास्त्राचं इतकं एकमत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पण रिक्षा काही सुटली नाही. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने २०१७ मध्ये दौऱ्याचे जे दर ठरवले, त्यात शहरातल्या शहरात फिरायला पाचव्या स्तरापर्यंतच्या माणसाला दिवसाला ११३ रुपये, सहा ते आठ स्तराला २२५ आणि नऊ ते अकरा स्तराला ३३८ रुपये होते. मी दहाव्या स्तरावर नोकरीला लागलो. ११३ आणि २२५ यांची बेरीज करून पाहा. एवढं शिकून मी नेमका काय झालो, ते सरकारने रुपयापर्यंत अचूक मांडलं आहे.

‘पण हे पैसे शहरातल्या प्रवासाचे,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘आंबोली शहर आहे का?’

‘नाही.’

‘मग छत्रीकडे येऊ. छत्री वैयक्तिक वापराची वस्तू आहे.’

‘ती ध्वनिमुद्रण यंत्रावर धरली होती. मी भिजलो.’

‘भिजल्याचा पुरावा?’

‘ताप आला. डॉक्टरांचं बिल आहे.’

‘ते शेजारच्या टेबलाला.’

घरी येऊन मी निश्चय केला की आता एकदाच असं प्रयोजन लिहायचं की पुन्हा कोणी प्रश्न विचारता कामा नये. रात्री जागून अडीच पानं लिहिली. सह्याद्रीच्या जन्मापासून सुरुवात केली. जांभ्या दगडाचे सडे, त्यावर साचणारी डबकी, त्या डबक्यांत अंडी घालणारे भेक, हवामान, मानवाचं भवितव्य आणि शेवटच्या परिच्छेदात केळी. हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘छान आहे हो. दिवाळी अंकाला पाठवा.’

भाऊसाहेबांनी ती अडीच पानं खरोखरच वाचली. लेखा विभागात कोणी काही पूर्ण वाचतं हे मला अनपेक्षित होतं. म्हणाले, ‘सर, बेडकांबद्दल माया वाटायला लागली. पण पैसे का द्यायचे ते कळलं नाही.’

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. जुन्या नस्त्या चाळून सरकारी भाषा शिकलो आणि लिहिलं : ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर प्रकल्पांतर्गत सदर कालावधीत सदर केळी सदर प्रयोजनार्थ क्रय करण्यात आली असून, सबब सदर खर्च मान्यतेस्तव सादर.’ वाचून माझा मलाच आदर वाटला. एका वाक्यात पाच वेळा सदर, आणि केळी कशासाठी याचा पत्ता कुठेच नाही. याहून सुरक्षित वाक्य मराठीत सापडणार नाही.

भाऊसाहेब हसले. ‘सर, ही भाषा आमची. आम्हाला काही सांगायचं नसतं तेव्हा आम्ही ती वापरतो. तुम्हाला तर पैसे हवेत.’

याच सुमारास एसटीच्या तिकिटाचं प्रकरण झालं. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं महिन्या-दोन महिन्यांत उडून जातात हे मला माहीत होतं. मागच्या खेपेला मी एक कोरा पांढरा कागद ‘हे तिकीट आहे’ अशी तळटीप लिहून जोडला होता. म्हणून यंदा शहाणपणा केला आणि परत आल्याबरोबर तिकीट लॅमिनेट करून घेतलं. दुकानदाराने यंत्रात घातलं तेव्हा ते तिकीट होतं. दुसऱ्या बाजूने बाहेर आलं ते काळं कुळकुळीत. तो कागद उष्णता लागली की काळा पडतो. त्याच्यावरची अक्षरं उमटतात तीच मुळी उष्णतेने, हे मी शास्त्राचा माणूस असून वीस रुपये देऊन शिकलो.

भाऊसाहेबांनी ते उजेडात धरून पाहिलं. ‘हे काय?’

‘तिकीट.’

‘ही तर अमावास्या आहे, सर.’

सदर अमावास्येने मी खरोखर प्रवास केला, असं हमीपत्र लिहून दिलं. आमच्या शेजारच्या विभागातल्या एका सरांची तर याहून वाईट गत झाली होती. ते विमानाने परिषदेला जाऊन आले आणि बोर्डिंग पास हरवून बसले. आपण गेलो होतो हे सिद्ध करायला त्यांनी परिषदेचं प्रमाणपत्र, निबंधाची प्रत आणि समूहछायाचित्र जोडलं. छायाचित्रात ते शेवटच्या रांगेत, कोणाच्या तरी फेट्यामागे अर्धे दिसत होते. निम्मं बिल मंजूर होईल, अशी विभागात चर्चा होती.

माझी थोरली बहीण अमेरिकेत एका विद्यापीठात नोकरी करते. रविवारी फोनवर मी तिच्याकडे गाऱ्हाणं गायलो. म्हटलं, ‘ताई, तुमच्याकडे बरं असेल. सगळं कॉम्प्युटरवर.’

‘बरं कसलं? आमच्या फॉर्मवर बिझनेस पर्पज म्हणून चौकोन आहे. मी त्यात नुसतं लंच लिहिलं, तर परत. कोण कोण जेवलं, त्यांचा विद्यापीठाशी संबंध काय, जेवताना काय बोललात.’

‘जेवताना बोलायचं पण असतं?’

‘कामाचं बोलावं लागतं. नाहीतर ते जेवण नुसतं जेवण ठरतं.’

तिच्याकडून कळलं की तिथल्या आयकर खात्याच्या नियमाप्रमाणे, मुक्कामाचा खर्च सोडला तर ७५ डॉलरच्या आतल्या खर्चाला पावती नसली तरी चालतं, पण प्रयोजन नसलं तर चालत नाही. हिशेब साठ दिवसांत दिला की वेळेत दिला असं धरतात. आणि खर्च कामाचा होता हे दाखवता आलं नाही, तर मिळालेले पैसे पगार समजून त्यावर कर कापतात. साठ दिवस ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आपल्या केंद्र सरकारनेही दौऱ्याचं बिल द्यायची एक वर्षाची मुदत २०१८ मध्ये साठ दिवसांवर आणली आहे. दोन्ही देशांत माणूस आळस किती दिवस करू शकतो याचा अंदाज एकच निघाला.

‘तुला निदान भाऊसाहेब आहेत,’ ताई म्हणाली. ‘मला कॉम्प्युटर परत पाठवतो. त्याला चहासुद्धा पाजता येत नाही.’

दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांना कँटीनमध्ये घेऊन गेलो. चहाचे पैसे मी दिले आणि पावती मागितली नाही, याची त्यांनी नोंद घेतली असावी.

‘भाऊसाहेब, खरं सांगा. मी चाळीस रुपये खाल्ले असं वाटतंय का तुम्हाला?’

‘छे हो. मला बेडूक कधीच पटलाय. पण मला पटवून काय उपयोग? तीन वर्षांनी ऑडिटवाला येणार. तेव्हा मी रिटायर झालेलो असेन, तुम्ही कुठल्या तरी डोंगरावर असाल, केळी तर नसणारच. असेल फक्त हा कागद. त्याने त्याला सगळं सांगायला हवं. तो माणूस परगावचा, आपल्या कोणालाच ओळखत नाही, दुपारी जेवून आलेला, डोळ्यांवर झापड. त्याच्यासाठी लिहा.’

‘काय लिहू?’

‘कोण, कुठे, कधी, कशासाठी. आणि त्याशिवाय भागलं नसतं का. बस. तुम्ही मोठी माणसं एक तर नुसतं संशोधन लिहिता, नाहीतर सह्याद्रीचा जन्म.’

मग तिथेच, कँटीनच्या टेबलावर, बशीतला चहा सांडणार नाही अशा बेताने मी लिहिलं : ‘केळी अर्धा डझन, रु. ४०. प्रयोगशाळेतील बेडकांच्या पिल्लांचे खाद्य म्हणून फळमाश्या वाढवण्यासाठी. माश्या पिकलेल्या केळ्यांवरच वाढतात, म्हणून अतिपक्व केळी घेतली.’

भाऊसाहेबांनी वाचलं. खिशातून पेन्सिल काढली आणि टिंब दिलं. इतक्या वर्षांच्या माझ्या लेखनाला मिळालेली ती सर्वांत मोठी दाद होती. रिक्षाचंही मग एका ओळीत भागलं : रात्री बेडकांचे आवाज नोंदवायचे होते आणि त्या वेळी एसटी नव्हती. छत्री मात्र नामंजूर झाली. ती आता माझी वैयक्तिक आहे आणि पहिल्याच पावसात मी ती रिक्षात विसरलो.

जाता जाता भाऊसाहेबांनी नियम २१ सांगितला. त्याचा सारांश असा की, सामान्य शहाणपण असलेला माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जेवढी काळजी घेतो, तेवढीच काळजी प्रत्येक अधिकाऱ्याने सरकारी पैसा खर्च करताना घ्यावी. मला तो इतका आवडला की रात्री जेवताना मी तो घरी सांगितला.

ही भात वाढता वाढता थांबली. ‘स्वतःच्या पैशाइतकी?’

‘हो.’

‘म्हणजे तुम्ही सरकारचं दिवाळं काढायचं ठरवलंय तर.’

मग तिने माळ्यावरच्या वस्तूंची यादी सुरू केली. तीन महिने वाजवलेली हार्मोनियम. एकदा वापरलेला ज्यूसर. चार डोक्याला लावायच्या विजेऱ्या, डोकं एक असताना. प्रत्येक वस्तूपुढे तिचा एकच प्रश्न : कशासाठी? मी हार्मोनियमपुढे ‘कला’ असं उत्तर दिलं. तिने ते परत पाठवलं. सामान्य शहाणपण असलेला जो माणूस नियम २१ ला अपेक्षित आहे, तो आमच्या घरी आहे, फक्त तो मी नाही, हे त्या रात्री स्पष्ट झालं.

यंदाच्या मे महिन्यात भाऊसाहेब निवृत्त झाले. निरोप समारंभाची जबाबदारी मी मागून घेतली. शाल आणली, श्रीफळ आणलं, पेढे आणले. आणि सवयीने भाऊसाहेबांच्याच टेबलाशी जाऊन विचारलं, ‘भाऊसाहेब, शालीचं प्रयोजन काय लिहू? सत्कार?’

शेवटचा दिवस होता, तरी त्यांनी चष्मा नीट डोळ्यांवर घेतला. ‘सत्काराला हेड नाही, सर.’

‘मग?’

‘खिशातून द्या. खिशाला ऑडिट नसतं.’

‘तुमच्या नसेल,’ मी म्हणालो.

संध्याकाळी घरी हिने विचारलंच. ‘सहाशे पन्नास रुपये कशाला लागले?’ या वेळी मी अडखळलो नाही. म्हटलं, ‘शाल. भाऊसाहेबांसाठी. आज दुपारी चार वाजता, विभागाच्या हॉलमध्ये. छत्तीस वर्षं लोकांची बिलं वाचली म्हणून. शालीशिवाय भागलं असतं, पण मला बरं वाटलं नसतं.’

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. ‘असं बोलता येतं तर तुम्हाला,’ ती म्हणाली. ‘बरं, लिहून ठेवते. पावती द्या.’

पावती शर्टाच्या खिशात होती. तोच गुळगुळीत कागद. आणि समारंभाहून आल्याबरोबर शर्ट मी इस्त्रीवाल्याकडे देऊन आलो होतो.